विचारायचं नाही

लाँड्रीच्या काउंटरवर नियमबाई दिवसभर एकच प्रश्न विचारायच्या: डाग कशाचा? गिऱ्हाईक आधी लाजायचं, मग इकडेतिकडे बघायचं, मग सांगून टाकायचं. शाईचा. रक्ताचा. मुलाच्या औषधाचा. एकदा एका गृहस्थांनी नुसतंच "चुकीचा" असं उत्तर दिलं, तेव्हा बाईंनी मान वर न करता पावतीवर "तेलकट" असं लिहिलं आणि शर्ट मागच्या टोपलीत टाकला. डाग कशाचा हे कळल्याशिवाय तो कशाने काढायचा ते ठरत नाही. अंदाजाने काढायला गेलं तर डाग राहतो आणि कापड जातं.

रविवारी दुपारी मात्र त्या जिथं जायच्या तिथं असलं काही विचारायला बंदी होती. बंदी त्यांनीच घातलेली. नियमबाई हे नाव त्यावरूनच पडलं, आणि ते ठेवलं मास्तरांनी.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते गाडी चालवायला शिकवायचे. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, म्हणजे एक खोली आणि एक गाडी. खोलीत भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात मधोमध कापून ठेवलेलं जुनं इंजिन, त्याचे दाते तांबड्या-निळ्या रंगाने रंगवलेले, आणि समोरासमोर दोन बाकं. रविवारी शिकवणीला सुट्टी असायची, म्हणून त्या बाकांवर लिहिणाऱ्या माणसांचं मंडळ जमायचं. बाकं कधी अपुरी पडली नाहीत. एक प्राध्यापक होते. ते समीक्षा लिहायचे, आणि मंडळाचा अंक निघाला तर निघायचा, नाही तर नाही, तोही त्यांच्याच गळ्यात होता. पोस्टात काम करणारी एक तरुण कवयित्री होती. तिच्या कवितांत क्रियापदं नसायची. "हिची पत्रं पोचतात, वाक्यं पोचत नाहीत," असं मास्तर म्हणायचे आणि ती डोळे वटारायची. अधूनमधून आणखी कोणी यायचं. एकदा आलेलं सहसा पुन्हा फिरकायचं नाही.

कारण तिथली रीतच तशी होती. ज्याचं लिखाण असेल त्याने ते एकदा मोठ्याने वाचायचं, कागद बाकावर ठेवायचे आणि बाहेर जाऊन शिकवणीच्या गाडीत बसायचं. काचा वर करून. आत बाकीच्यांनी त्या कागदांचा मनसोक्त फडशा पाडायचा. लेखक समोर असला की माणसं गुळगुळीत बोलतात, आणि लेखकालाही आपलं लिखाण समजावून सांगायची खाज सुटते. प्राध्यापकांचं म्हणणं होतं की लेखक मेल्याशिवाय मजकूर जिवंत होत नाही. "एवढं कशाला," मास्तर म्हणाले होते, "गाडीत बसवला तरी भागतं."

आणि बाईंचा नियम त्याच्या वरचा. लिखाणातल्या 'मी'ला पत्ता विचारायचा नाही. हे तुझ्या बाबतीत घडलं का, ही तुझी आई का, तू खरंच असं केलंस का, यातलं काही नाही. बाक सोडल्यावरही नाही, रस्त्यातही नाही, वर्षं उलटल्यावरही नाही. जे कागदावर आहे त्याच्याशी बोलायचं.

या नियमामागे बाईंचं एक मोडलेलं घर होतं. लग्नाला दोनेक वर्षं झाली असताना त्यांची एक कविता मासिकात छापून आली. जिन्यावर चपलांचा आवाज येतो आणि घरातली बाई हातातलं भांडं आवाज न करता खाली ठेवते, एवढीच कविता. भांडं टेकण्याआधीचा तो क्षण त्यांना हवा होता, बाकी काही नाही. पण शेजारीण आली आणि दार लोटून घेऊन म्हणाली, "मारतो का गं तुला?" माहेराहून भाऊ आला आणि नवऱ्याशी एक शब्द न बोलता संध्याकाळपर्यंत बसून राहिला. एका समीक्षकाने त्या कवितेत भोगलेल्या वास्तवाची धग जाणवते असं लिहिलं. नवरा स्वभावाने गरीब. साधा आवाज चढवणं त्याला जमत नसे. त्याने काहीच विचारलं नाही. तो फक्त जिन्याखालीच चपला काढून, हातात घेऊन वर येऊ लागला. "अहो, ती कविता आहे," बाई म्हणाल्या. "हो, माहीत आहे," तो म्हणाला. पण चपला हातातच राहिल्या. मग त्याने लांबची बदली मागून घेतली. फोन आधी रोजचा होता, मग सुट्टीच्या दिवसाचा, मग राहून गेलेला. भांडण झालंच नाही, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं.

त्यानंतर बाईंनी फारसं लिहिलं नाही. वाचायला मात्र त्यांच्यासारखं कोणी नव्हतं. कागदावर बोट ठेवून त्या म्हणायच्या, "इथं खोटं पडतंय," आणि बोट उचलायच्या नाहीत. प्राध्यापक पाच मिनिटं बोलून जिथं पोचायचे तिथं ते बोट आधीच असायचं, असं मास्तर म्हणायचे. अर्थात कधीकधी ते बोट चुकायचंही. पोस्टातल्या मुलीची एक चांगली कविता बाईंनी छाटून छाटून अशी केली की शेवटी तिच्यात कविता उरली नाही. ती मुलगी दोन महिने आली नव्हती.

मास्तर गद्य लिहायचे. गोष्टी म्हणाव्यात तर त्यांत गोष्ट नसायची. सगळं हुकमांत. जन्मभर तेच बोलत आले होते ना. 'आरसा बघा. मागे कोण आहे ते बघा. ओळखीचं निघालं तरी वेग वाढवू नका. पुढे बघा.' असं पानंच्या पानं. कोण कोणाला सांगतंय ते कळायचं नाही, पण ऐकता ऐकता पाय आपोआप दाबले जायचे. अंकात छापून आलं की दोन-चार पत्रं यायची, त्यांतली निम्मी शिव्यांची. मास्तर ती खोलीतल्या तक्त्याच्या कडेला खोचून ठेवायचे. "शिकाऊ लोक आहेत," म्हणायचे, "हॉर्न वाजवणारच."

मग त्यांचे हुकूम हळूहळू रस्त्यावरून शरीराकडे वळले. 'अंगठ्या, वाक. नाही वाकलास तरी चालेल, पण वाकल्याचं दाखव. बटणा, मग आज तू पुढे ये. रोज त्यानेच का यावं.' असा एक मजकूर त्यांनी वाचला आणि ते गाडीत जाऊन बसले. आत प्राध्यापकांना उधाण आलं. "हे केंद्र हरवलेलं राज्य आहे," ते म्हणाले. "हुकूम निघतात, अंमलबजावणी होत नाही. शरीर हा प्रजेचा उठाव आहे." पोस्टातली मुलगी लयीबद्दल बोलली. नियमबाईंनी बोट ठेवलं ते तिसऱ्या परिच्छेदात 'बिचारा' हा शब्द होता त्यावर. "हा काढा. इथं मजकूर स्वतःची कीव करतोय." मास्तर आत आले, ऐकलं, आणि त्यांनी तो काढला. पेन त्यांनी मुठीत धरलं होतं, लहान मुलं धरतात तसं. बाईंना ते दिसलं. त्यांनी नजर कागदावर ठेवली.

मास्तरांचे कपडे बाईंच्याच लाँड्रीत यायचे. काही दिवसांनी एक शर्ट आला. वरून बटणं होती तशीच, पण नुसती शोभेला शिवलेली. काजं बंद करून टाकलेली, आणि आतून चिकटणारी पट्टी. बाईंनी ती उघडली, कर्रकन आवाज झाला, पुन्हा लावली. शिवण सुबक होती, कोणीतरी मन लावून केलेली. पुढच्या वेळी दोन शर्ट तसेच. मग पँटची कंबर रबराची. मग रविवारी त्यांना दिसलं की मास्तरांच्या डाव्या बुटाचं टोक घासून पांढरं पडलंय.

काउंटरवर हे कपडे कोणा परक्याचे असते तर त्यांनी विचारलं असतं. तिथं विचारणं हे कामच होतं. पण हे शर्ट आणि ते मजकूर आता एकमेकांना चिकटले होते, आणि शर्टाबद्दल विचारायचं म्हणजे मजकुराचा पत्ता विचारायचा. बाई रविवारी जायच्या, ठरवून जायच्या, आणि लयीवर बोलून परत यायच्या. घरी आल्यावर त्यांना वाटायचं, हा माणूस आपल्या तोंडावर सांगतोय, महिनोन्‌महिने सांगतोय, आणि आपण त्याची वाक्यं तपासतोय. तो वाट बघत असणार. कोणीतरी विचारावं म्हणून.

एका रविवारी मास्तर वाचून बाहेर गेले. आत प्राध्यापकांनी घसा खाकरला, आणि नियमबाई उठून बाहेर निघाल्या. मंडळाच्या इतिहासात असं कोणी केलं नव्हतं. त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि त्या शिकणाऱ्याच्या जागेवर, स्टिअरिंगसमोर बसल्या. मास्तर शेजारी, त्यांच्या नेहमीच्या बाजूला. त्यांच्या पायाशी तो जादाचा ब्रेक.

"पट्टा लावा," मास्तर सवयीने म्हणाले. मग म्हणाले, "तुम्ही इथं कशा? आत कापाकापी संपली?"

"चालू आहे."

"तुमच्याशिवाय कोण कापणार? प्राध्यापक नुसती सुरीला धार लावत बसतात."

"मास्तर, शर्टाला पट्टी कोणी शिवली?"

मास्तर समोरच्या काचेतून बघत राहिले. "बायकोने. चांगली शिवलीय ना?"

"चांगली शिवलीय. का शिवली?"

"हा प्रश्न तुमच्या नियमात बसत नाही."

"मी शर्टाबद्दल विचारतेय. लिखाणाबद्दल नाही."

"वकील व्हायला हवं होतं तुम्ही," मास्तर म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, एखादी वस्तू उचलून ठेवावी तसा. "डॉक्टर म्हणतो, डोकं हुकूम सोडतं पण निरोप खाली पोचत नाही. आधी पाय, मग हात, मग जीभ. मग बाकीचं."

"औषध?"

"आहे की. त्याने रोग जरा हळू चालतो. पुढे शिकाऊ गाडी असल्यासारखा."

बाईंना हसू आलं नाही. "आम्ही त्या दिवशी लयीवर बोललो," त्या म्हणाल्या.

"चांगलं बोललात. बिचारा काढायला लावलात."

"मला वाटलं, तुम्ही वाट बघताय. कोणीतरी विचारावं म्हणून."

"नाही हो, बाई." मास्तरांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघितलं. "घरी सगळे विचारतात. पाय कसा आहे, झोप लागली का, घास नीट उतरतोय का. दवाखान्यात विचारतात. शिकायला येतात ते विचारतात, क्लच सोडून. इथं आलं की वाक्य लांबलं की आखडलं, एवढंच. आठवड्यातनं एक दुपार मी धडधाकट असतो. आत कळू देऊ नका."

"नाही कळू देणार."

आणि त्यांना तसं खरंच वाटत होतं. पण पुढच्या रविवारी मास्तरांना यायला उशीर झाला, आणि प्राध्यापक बाकावर बसून तयारी करू लागले. "मास्तर आता स्वतःचीच नक्कल करायला लागलेत," ते म्हणाले. "वर्षभर तेच. हात, बोट, बटण. आज मी गय करणार नाही. कोणीतरी सांगायलाच हवं." म्हणणं चुकीचं नव्हतं. मागचा मजकूर खरोखरच ढिला होता, बाईंनाही तो ढिला वाटला होता. पण त्यांच्या डोळ्यांसमोर तो उचलून ठेवलेला हात आला, आणि त्या बोलून गेल्या, "जरा जपून बोला. ते आजारी आहेत."

"म्हणजे?" पोस्टातली मुलगी म्हणाली.

"बरे होणार नाहीत."

मग मास्तर आले. हातात काठी होती. त्यांनी बसूनच वाचलं. शब्द थोडे एकमेकांत गुंतत होते. वाचून झाल्यावर ते सावकाश उठले, बाहेर गेले. आत कोणी बोललं नाही. कापलेल्या इंजिनाकडे बघत सगळे बसले. मास्तरांनी गाडीचं दार नीट लावून घेतलंही नसेल, तोवर प्राध्यापक त्यांना बोलवायला गेले.

"उत्तम," प्राध्यापक म्हणाले. "फारच अंतर्मुख करणारं."

पोस्टातल्या मुलीने "हो" म्हटलं आणि ती रुमाल शोधू लागली.

मास्तर उभेच होते. त्यांनी एकेकाकडे बघितलं आणि शेवटी बाईंकडे. "बाई, तुमचं काय म्हणणं?"

"छान आहे," नियमबाई म्हणाल्या.

हा शब्द त्या खोलीत त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकला नव्हता. मास्तरांनी मान डोलावली. ते बाकावरचे कागद गोळा करू लागले. कागद बोटांतून निसटत होते. उचलून द्यायला प्रत्येकाचा हात पुढे झाला आणि प्रत्येकाने तो मागे घेतला. बराच वेळ लागला त्याला. मग ते म्हणाले, "पुढच्या रविवारी खोली मोकळी नाही. दुसरीकडे बघा." त्यात राग ऐकू आला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

मंडळ दोनदा प्राध्यापकांच्या घरी जमलं. लेखकाला स्वयंपाकघरात बसवायचं ठरलं, पण तिथं सगळं ऐकू यायचं. मग कोणी बोलावलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. बाई लाँड्रीतून परतताना मुद्दाम बाजाराच्या मागच्या रस्त्याने जायच्या. शटर खाली असायचं. एके दिवशी गाडीही तिथून गेली होती, आणि ती उभी असायची तेवढीच जमीन कोरडी राहून वेगळ्या रंगाची दिसत होती. एकदा त्या मास्तरांच्या घरी गेल्या. दार वहिनींनी उघडलं, मास्तरांच्या बायकोने. "झोपलेत," वहिनी म्हणाल्या. आतून रेडिओ ऐकू येत होता.

ज्या माणसाला जगात एकच जागा उरली होती ती आपण त्याच्याकडून काढून घेतली, हे बाईंनी स्वतःशी कधी गुळमुळीत करून सांगितलं नाही. इस्त्रीखाली कपडे सरळ होत होते. काउंटरवर त्या डाग कशाचा ते विचारत होत्या, आणि उत्तर येईपर्यंत दुसरीकडेच बघत होत्या.

मग एका सकाळी काउंटरपलीकडे वहिनी उभ्या होत्या. हातात कपडे नव्हते.

"बाई, त्यांनी बोलावलंय."

"माझ्यावर रागावलेत ना?"

"रागावलेतच. म्हणून तर बोलावलंय. म्हणाले, ती छान म्हणाली होती, तिला परत एकदा विचारायचंय."

मास्तर खिडकीपाशी पलंगावर होते, उशांना टेकवून बसवलेले. चेहरा तोच, फक्त त्याच्या आजूबाजूचं सगळं कमी झालेलं. ते काहीतरी म्हणाले. बाईंना एकही शब्द कळला नाही.

"ते म्हणतात, बसा. पट्टा लावायला नको," वहिनी म्हणाल्या. त्यांना त्यातला विनोद कळला नव्हता, निरोप तेवढा जसाच्या तसा दिला.

नवा मजकूर तयार होता. मास्तर सांगायचे, वहिनी लिहायच्या. अक्षर गोल, स्वच्छ, वाणसामानाची यादी लिहावी तसं. "मला पूर्णविराम कुठं द्यायचा ते कळत नाही," वहिनी म्हणाल्या. "ते श्वास घेतात तिथं मी देते."

बाई वाचू लागल्या. एक माणूस पलंगावरून आपल्या घराला गाडी चालवायला शिकवतो. 'भिंती, डावीकडे घे. जिन्या, घाई करू नकोस, तुझ्या मागे कोणी नाही. पडद्या, वळताना हात दाखव.' घर हळूहळू जागचं हलतं. गल्लीतून निघतं, वळतं, मोठ्या रस्त्याला लागतं. श्वासाश्वासाला पूर्णविराम होते, आणि त्यांमुळे वाक्यं अशी चालत होती की बाईंच्या अंगावर काटा आला. असं मास्तरांनी आजवर लिहिलं नव्हतं. कोणीच लिहिलं नव्हतं, निदान बाईंच्या वाचनात. मग शेवटचं पान आलं. त्यावर घर थांबतं आणि माणूस सगळ्यांचे आभार मानतो. मित्रांचे, रविवारच्या दुपारींचे, समजून घेणाऱ्यांचे.

बाईंनी कागद मांडीवर ठेवले. मास्तर बघत होते. मान वळत नव्हती, डोळे वळत होते. वहिनी पदराशी चाळा करत उभ्या होत्या. इथं चांगलं काही बोलणं किती सोपं होतं, आणि निम्म्याहून जास्त ते खरंही होतं.

"शेवटचं पान रडकं आहे," नियमबाई म्हणाल्या. "काढून टाका. घर थांबायलाच नको."

"अहो बाई," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला.

मास्तरांच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. वहिनी धावल्या, पाठीमागे हात घातला. तो हसण्याचा आवाज होता. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि थांबेना. हसू नि रडू आता त्यांच्या ताब्यात राहिलं नव्हतं, वहिनींनी नंतर समजावलं. आवरल्यावर ते काहीतरी बोलले.

"ते म्हणतात, एवढा उशीर का केलात."

त्यानंतर बाई दर रविवारी जाऊ लागल्या. शेवटचं पान गेलं. मधला एक रस्ता लांब होता, तो आखूड झाला. पण एका वाक्यावर गाडी अडली. घर पुलावर चढतं तिथं मजकुरात होतं: 'खिडकी लावू नकोस. मला भीती वाटते.'

"हे पडतंय," बाई म्हणाल्या. "एवढ्या मजकुरात कोणालाच काही वाटत नाही. नुसते हुकूम आहेत, म्हणून वाचणाऱ्याला वाटायला लागतं. तिथं एकदम मला भीती वाटते म्हणजे हातातले पत्ते उघडे केले."

"ते म्हणतात, राहू दे."

"त्यांना सांगा, नुसतं राहू दे म्हणून चालणार नाही. कारण द्या."

"त्यांना ऐकू येतंय म्हणतात. जीभ गेलीय, कान नाही." वहिनी एवढं सांगून स्वयंपाकघरात निघून गेल्या. हे वाक्य निघालं की त्यांना नेहमी आत काहीतरी काम निघायचं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. बाईंनी दुसरी वाक्यं सुचवली, मग नुसती मोकळी ओळ सुचवली. मास्तरांनी ऐकलं नाही. पुढे आवाजही गेला. पापण्या मिटल्या म्हणजे हो, डोळे खिडकीकडे गेले म्हणजे नाही, असं ठरलं. बाकी सगळ्याला पापण्या मिटायच्या, आणि त्या वाक्याशी आलं की डोळे खिडकीकडे. "हट्टी आहात," बाई म्हणायच्या. पापण्या मिटायच्या.

थंडी सरता सरता मास्तर गेले. झोपेत गेले, असं वहिनींनी कळवलं.

प्राध्यापकांनी अंक काढला. घराचा तो मजकूर सगळ्यांत आधी छापायचा ठरला, आणि मागे प्रत्येकाने काहीतरी लिहायचं. प्राध्यापकांनी मैत्रीवर लिहिलं. पोस्टातल्या मुलीने कविता दिली, त्यात पहिल्यांदाच क्रियापद होतं. नियमबाईंनी पानभर परीक्षण लिहिलं. हा मजकूर मास्तरांच्या सगळ्या लिखाणात उजवा आहे, त्यातला विराम हा केवळ विराम राहत नाही, असं त्यांनी लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की पुलावरचं भीतीचं वाक्य कमकुवत आहे, ते मजकुराच्या बाहेरून आल्यासारखं वाटतं. 'मी त्यांना तसं सांगितलं होतं. त्यांनी मानलं नाही. वाक्य त्यांच्या इच्छेप्रमाणे ठेवलं आहे. ते चुकले असं मला अजून वाटतं.'

"बाई, आत्ताच छापायचं हे?" प्राध्यापक म्हणाले. "माणूस जाऊन महिना नाही झाला. लोक काय म्हणतील?"

"ते गाडीत बसलेत असं समजा," बाई म्हणाल्या. प्राध्यापकांनी मान खाली घातली आणि पान छापलं.

लोक जे म्हणायचं ते म्हणाले. काळीज आहे की दगड, असंही कोणी तरी म्हणालं. ते बाईंपर्यंत पोचलं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. मास्तरांना शेवटपर्यंत लेखक म्हणून वागवणारं कोणीतरी उरलं, एवढं आपल्या हातून झालं, असं त्यांना वाटत होतं. त्या विचाराच्या आधारानेच त्या दिवस काढत होत्या.

वहिनी काउंटरवर आल्या त्या पडद्यांचं गाठोडं घेऊन. घर रिकामं करून देणार होत्या, धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या. पडदे मोजून झाले. बाईंनी पावती फाडली, तरी वहिनी गेल्या नाहीत.

"तुम्ही लिहिलेलं वाचलं," त्या म्हणाल्या.

"राग आला?"

"नाही. एक सांगायचं होतं. ते वाक्य माझं आहे."

बाईंना नीट ऐकू आलं होतं, तरी त्या काउंटरवर पुढे झुकल्या.

"ते सांगत होते, खिडकी मिटून घे, असं. मी लिहिता लिहिता आपली बोलून गेले, नको, लावायला नको, मला भीती वाटते. खोली बंद केली की त्यांचा श्वास फार ऐकू यायचा हो. ते थांबले. म्हणाले, हेच लिही. मी म्हटलं, अहो, मी आपली बोलले. म्हणाले, लिही."

मागे इस्त्रीवाल्याने वाफ सोडली.

"मी म्हणायचे, सांगते बाईंना, उगीच वाद कशाला. ते नको म्हणायचे. तिला कळलं तर ती वाक्याला सूट देईल, म्हणायचे." वहिनींनी पावतीची घडी घातली, उलगडली. "आणि तुम्ही नाही दिलीत."

"वहिनी, मला..."

"नाही, मला बरं वाटायचं. माझ्या बोलण्यावर कधी कोणी एवढा वाद घातला नव्हता. म्हणून तर मी आत जायचे, तोंडावर दिसलं असतं." त्या जराशा हसल्या आणि लगेच थांबल्या. "पण वाईटच आहे का ते, खरंच?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं आलेलं, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेला, बाहेर ऊन असताना. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण ते वाक्य कोणाचं हे मास्तरांनी शेवटपर्यंत कळू दिलं नव्हतं, आणि ते याच उत्तरासाठी.

"हो," त्या म्हणाल्या. "तिथं नाही बसत ते."

वहिनींनी मान हलवली. दुखावल्या की नाही ते कळलं नाही. त्यांनी गाठोड्यावर हात ठेवला.

"भीती अजून वाटते," त्या म्हणाल्या. "मग ती लिहायची कशी?"

नियमबाईंना ते ठाऊक नव्हतं. काय काढायचं तेवढं त्या आयुष्यभर सांगत आल्या होत्या. त्या जागी काय यायला हवं हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःलाही नाही. त्यांनी काउंटरची फळी उचलली, वहिनींना आत घेतलं आणि आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"बसा," त्या म्हणाल्या, आणि स्वतः उभ्या राहिल्या.